नेरूळ ते सीएसएमटी, कानात कोण?

‘काहीतरी चांगलं ऐकायला सांग ना,’ हा प्रश्न नेरूळमध्ये मला कुठेही गाठतो. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याच्या गाडीपाशी, हार्बरच्या डब्यात जुईनगर सुटून सानपाडा यायच्या आत. विचारणारा लगेच आपला छंदही सांगतो. कुणाला इतिहासाचं वेड, कुणाला झाडांचं, कुणाला बुद्धिबळाचं. मी सुचवलेला पॉडकास्ट आवडल्याचं कुणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं आणि तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलं ते आलंच.

छंदाचं नाव मी ऐकून घेतो, पण तेवढ्यावर उत्तर देत नाही. आधी तीन गोष्टी विचारतो. ऐकताना तुमचे हात कशात असतात? सलग वेळ किती मिळतो? आणि कोणती भाषा कानावर पडली की हातातलं काम थांबत नाही? इतिहासाची आवड असलेली दोन माणसं एकाच मजल्यावर राहतात; पण एक लोकलला लटकतो आणि दुसरा स्वतःच्या गाडीनं पुण्याला जातो. दोघांना एकच नाव सांगून चालत नाही.

आकाशवाणीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. ‘पुन्हा प्रपंच’ लागायचं तेव्हाच लागायचं. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी ज्या वेळेला घरात येत, त्या वेळेला घरातली कामं जुळवून घेत. पॉडकास्टनं ही गोष्ट उलटी केली. वेळ ऐकणाऱ्याची, म्हणून निवडीची डोकेदुखीही ऐकणाऱ्याची.

हार्बरला फास्ट लोकल नाही. नेरूळहून सीएसएमटी म्हणजे तासाभराची निश्चिंती. आमच्या मजल्यावरची एक मुलगी फोर्टातल्या बँकेत जाते. पनवेलहून आलेली गाडी नेरूळला भरलेलीच असते, त्यामुळे एक हात कडीला आणि दुसरा बॅगेवर. मोबाइल बाहेर काढायची सोय नाही. तिला हवा होता इतिहास, पण एकदा सुरू केला की वडाळ्यापर्यंत हात लावावा लागू नये असा. तिला मी बीबीसी रेडिओ फोरचा ‘इन अवर टाइम’ दिला. १९९८पासून चालत आलेला हा कार्यक्रम मेल्विन ब्रॅग यांनी २०२५पर्यंत चालवला. एक विषय, तीन प्राध्यापक आणि साधारण पाऊण तास. सम्राट अशोक, भगवद्गीता, मुघल साम्राज्य, कृष्णविवरं, काहीही निघतं. ब्रॅग पाहुण्यांना लांबण लावू देत नसत, मधेच तोडून मुद्द्यावर आणत. ती म्हणते, मानखुर्दपर्यंत तिघांचे आवाज ओळखू यायला लागतात आणि मग भांडण कुणाचं कुणाशी आहे ते कळतं.

पुण्याला गाडी नेणाऱ्या शेजाऱ्याचं गणित निराळं. कळंबोलीला एक्स्प्रेसवेला लागलं की दोन-अडीच तास कुणी उठवत नाही. त्याच्यासाठी डॅन कार्लिनचं ‘हार्डकोर हिस्ट्री’ आहे. पहिल्या महायुद्धावरची त्याची ‘ब्लूप्रिंट फॉर आर्मागेडन’ ही मालिका सहा भागांची असून एकेक भाग तीन-चार तासांचा आहे. कार्लिन इतिहासाचा प्राध्यापक नाही, तो रेडिओवरचा माणूस आहे आणि ते आवाजातून कळतं. घाटात हा आवाज बरा साथ देतो. त्याहून आटोपशीर आणि आपल्याकडचं हवं असेल तर विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद यांचं ‘एम्पायर’. २०२२ साली सुरू झालं आणि सुरुवातच ईस्ट इंडिया कंपनीपासून केली. मुंबईपुरतं आणि मराठीतून हवं असेल त्याला ‘लोकसत्ता’ची ‘गोष्ट मुंबईची’ ही भरत गोठोसकरांची मालिका सांगतो. मात्र ती पाहायची आहे, त्यामुळे खिडकीजवळची जागा मिळाली तरच.

स्वयंपाकघरात नियम बदलतात. समोरच्या वहिनींच्या घरी वालाचं बिरडं होतं तेव्हा आदल्या दिवसापासून तयारी असते. भिजवून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून साल सुटी करायची. दाणा टुणकन परातीत, साल बोटांत. घरात माणसं जास्त असली तर हे काम तासभर चालतं. हात ओले, बोटं चिकट, डोळे परातीत. कान मात्र पूर्ण रिकामे. अशा वेळी पाच-पाच मिनिटांचे भाग कामाचे नाहीत, कारण पुढचा लावायला ओला हात मोबाइलला लावावा लागतो.

त्यांना आधी ‘गॅस्ट्रोपॉड’ ऐकवला. सिंथिया ग्रेबर आणि निकोला ट्विली या दोघी २०१४पासून अन्नामागचं विज्ञान आणि इतिहास सांगतात. मग ‘होम कुकिंग’ ऐकवला. मार्च २०२०मध्ये सगळे घरात अडकले, तेव्हा समीन नोसरत आणि ऋषिकेश हिरवे यांनी तो सुरू केला आणि पहिलाच भाग कडधान्यांवर केला. वहिनी हसल्या. म्हणाल्या, ‘भावजी, राजम्याचं एवढं कौतुक? यांना कुणीतरी रायगडात आणा, पोपटी खायला घाला.’ मग खरी अडचण सांगितली. इंग्रजी नीट समजतं, पण ऐकताना हात थांबतात. मराठीत लावलं की वाल आपोआप सोलले जातात.

म्हणून त्यांच्यासाठी मराठी गप्पा. सौमित्र पोटे यांचं ‘मित्र म्हणे’, सुलेखा तळवलकर यांचं ‘दिल के करीब’, ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचं ‘अमुक तमुक’. यातल्या मुलाखती ऐसपैस असतात, मधली दोन वाक्यं कुकरच्या शिट्टीत गेली तरी धागा सुटत नाही. ‘अमुक तमुक’वाल्यांच्याच ‘खुसपुस’मध्ये घरात मोठ्यानं न बोलल्या जाणाऱ्या विषयांवर तज्ज्ञांना बोलतं करतात. वहिनींनी तो आधी एकटीनं ऐकला आणि नंतर कॉलेजातल्या मुलीला जेवणाच्या टेबलावर ऐकवला.

खालच्या मजल्यावरचे काका निवृत्त आहेत आणि त्यांची गॅलरी पश्चिमेला. खाडीवरचा वारा, चार महिने कोसळणारा पाऊस आणि मार्चपासून रणरणतं ऊन, एवढं सोसून त्यांची जास्वंद आणि कढीपत्ता उभा आहे. त्यांना दिला ‘गार्डनर्स क्वेश्चन टाइम’. हा बीबीसीचा कार्यक्रम १९४७पासून चालू आहे, म्हणजे स्वतंत्र भारताच्या वयाचा. गावोगावी सभागृहात लोक जमतात, आपापल्या झाडांची दुखणी सांगतात आणि तज्ज्ञ उत्तरं देतात. ‘अरे, यांना थंडीनं झाडं गोठायची काळजी आणि मला कुंडीत पाणी तुंबायची,’ काका म्हणाले. तरी ऐकायचं सोडलं नाही. कारण तज्ज्ञ उत्तर देण्याआधी काय विचारतात ते त्यांना पकडता आलं: झाड कोणत्या दिशेला आहे, पाणी कधी घालता, पानं खालून पिवळी पडतात की शेंड्याकडून? आता सोसायटीत कुणी वाळलेली तुळस दाखवली की काका हेच तीन प्रश्न विचारतात.

पक्षी पाहणाऱ्यांना मात्र माझा पहिला सल्ला इअरफोन घरी ठेवण्याचा. सीवूड्सच्या डीपीएस तलावाशी किंवा टी. एस. चाणक्यच्या मागच्या पाणथळीवर कानात बोलणारं माणूस हवं कशाला? ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा २०१५चा, रामसर यादीत ती २०२२ साली गेली. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली जातो, तेव्हा फ्लेमिंगो उडून अशा तलावांवर उतरतात. ते उतरताना होणारा गलका ऐकण्यासारखा असतो. घरी आल्यावर ‘बर्डनोट’ ऐकावं. दोन मिनिटांच्या आतबाहेरचा भाग, रोज एखादा पक्षी किंवा पक्ष्याची एखादी सवय. पक्षी बहुतेक अमेरिकेतले. पण कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहातले आवाज त्यात असे मांडतात की कानाला आवाज वेगळे काढायची सवय लागते. आमच्यातल्या एका पक्षीवेडीनं ही सवय इथे वापरली. आमच्या गल्लीतली टुक-टुक कुठल्या वर्कशॉपची नसून उंबरावरच्या तांबटाची आहे, हे तिनं सगळ्यांना खाली बोलावून दाखवलं.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला काय सुचवायचं याचा नवी मुंबईत विचार करावा लागत नाही. अख्खं शहरच अभ्यासाचा विषय आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची कल्पना १९६५ साली ‘मार्ग’ मासिकातून मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. कोरियांचं बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज ऐंशीच्या दशकातलं. सात घरांमध्ये मिळून एक अंगण, अशी अंगणं जोडत जोडत पुढे मोठा चौक. प्रत्येक घर सुटं, भिंत शेजाऱ्याला न लागणारी, म्हणजे पुढे वाढवायचं तर कुणाची परवानगी मागायला नको. आज तिथे मूळ उतरती छपरं शोधावी लागतात, कारण लोकांनी खरोखरच घरं वाढवली.

माझा भाचा वास्तुकला शिकतो. त्याला रोमन मार्सचा ‘नाइंटी-नाइन पर्सेंट इन्व्हिजिबल’ दिला. २०१०पासून चालू आहे आणि विषय असा की रोज वापरतो पण पाहत नाही त्या वस्तू, रस्ते, इमारती. २०२४ साली त्यांनी वर्षभर एकच पुस्तक वाचलं: न्यू यॉर्कचे पूल आणि रस्ते बांधणाऱ्या रॉबर्ट मोझेसचं रॉबर्ट कॅरोंनी लिहिलेलं हजारावर पानांचं चरित्र. भाच्यानं ही मालिका पाम बीच रोडवरून चालत चालत ऐकली. तेव्हापासून रस्ता ओलांडायला थांबला की सिग्नल नक्की कुणासाठी लावलाय याचा हिशेब करतो. त्याच्याबरोबर फिरायला गेलं की वेळेत घरी पोचत नाही.

गाणं शिकणाऱ्यांसाठी एक हमखास नाव आहे: ‘साँग एक्सप्लोडर’. तोच ‘होम कुकिंग’वाला ऋषिकेश हिरवे २०१४पासून हा पॉडकास्ट करतो. संगीतकार स्वतःचं एक गाणं सुटं करून दाखवतो: आधी नुसता ढोल, मग त्यावर बेस, मग फसलेली पहिली चाल. हिरवे आपले प्रश्न कापून टाकतो. ऐकू येतो तो फक्त गाणं करणारा. शेवटी पूर्ण गाणं. वीसेक मिनिटांचा मामला, वाशीला तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलाला जाताना पुरतो. गाणी पाश्चात्त्य असली तरी तुकड्यांतून रचना कशी उभी राहते ते तबलजीला लगेच कळतं.

क्रिकेटवाल्यांना सध्या धरबंध नाही. २ नोव्हेंबर २०२५ला आमच्याच नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. शेफाली वर्माच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे पाच बळी यांच्यावर इथली मंडळी अजून बोलतात. अशा माणसाला बातमी नको असते, चघळायला काहीतरी हवं असतं. त्याला ‘एटी-वन ऑल आउट’ द्यावं. जुने सामने, क्रिकेटची पुस्तकं, खेळाडूंच्या सवयी यांवर सिद्धार्थ वैद्यनाथन आणि मित्र निवांत बोलतात. बुद्धिबळात बेन जॉन्सनचा ‘परपेच्युअल चेस’ आहे, मोठेपणी खेळ सुधारू पाहणाऱ्यांना विशेष धीर देणारा. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यावर सोसायटीतल्या दोन वडीलधाऱ्यांनी पट पुन्हा काढला. त्यांच्यासाठी हे नाव मी कागदावर लिहून दिलं.

चालू घडामोडींत रस असणाऱ्यांना मी भाषा विचारून वाटून टाकतो. मराठी म्हटलं की विनायक पाचलग यांची ‘थिंकबँक’ आणि थोडक्यात हवं असेल तर बीबीसी मराठीची ‘सोपी गोष्ट’. हिंदी म्हटलं की प्रणय कोटस्थाने आणि मंडळींची ‘पुलियाबाजी’. इंग्रजी म्हटलं आणि वेळही भरपूर असला की अमित वर्मांचं ‘द सीन अँड द अनसीन’. वर्मांनी २०१७मध्ये सुरुवात केली तेव्हा भाग अर्ध्या तासात संपत. आता एकेक गप्पा कित्येक तास चालतात, पाहुण्याच्या बालपणापासून.

या वाटपात एक रकाना रिकामा राहतो. मराठीत गप्पा आणि मुलाखती उदंड आहेत, पण एकाच छंदाला वाहिलेली मालिका दुर्मीळ. कर्नाळा, पेब, इर्शाळ पायाखाली घालणारे ट्रेकर इथे ढिगानं आहेत. त्यांना ‘डर्टबॅग डायरीज’मधल्या अमेरिकेतल्या कड्यांच्या कहाण्या ऐकवाव्या लागतात. रतनगडाच्या वाटेवर पाणी कुठे मिळतं ते सांगणारा आवाज त्यांना हवा आहे.

गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीच्या वॉचमन दादांनी विचारलं. मूळचे साताऱ्याकडचे, रात्री दहा ते सकाळी सहा गेटवर. हात रिकामे, वेळ भरपूर, भाषा मराठी. म्हणजे तिन्ही प्रश्नांची उत्तरं न विचारता मिळाली होती. मी उत्साहानं निरंजन मेढेकरांची ‘मराठी क्राइम कथा’ लावून दिली. त्यांनी पाच मिनिटं ऐकली आणि मोबाइल खाली ठेवला. ‘साहेब, रात्री दोनला मी इथे एकटा असतो. खून कशाला लावून देताय?’

मग त्यांनीच मला त्यांचं ऐकणं दाखवलं. बाबामहाराज सातारकरांची कीर्तनं. महाराजांचं वास्तव्य आमच्या नेरूळमध्येच होतं, २०२३च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी इथेच देह ठेवला. एक अभंग घ्यायचा आणि दोन तास त्याचंच निरूपण: मधे दृष्टान्त, मधे विनोद, मृदंगाची थाप आणि पुन्हा मूळ चरणावर. लांबलचक पॉडकास्टबद्दल मी त्यांना कौतुकानं सांगत होतो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच का उमटलं नाही ते मला आता कळलं.

आता काका रात्री शतपावलीला उतरले की गेटपाशी थांबतात आणि कोणतं कीर्तन चालू आहे ते विचारून वर येऊन तेच लावतात. माझ्याकडची यादी तिकडे कुणी मागत नाही. मी उशिरा परतताना कानात वर्मा असतात, दादा गेट उघडतात आणि एक कान मोकळा करायची खूण करतात.

‘आमचं कीर्तन एका बैठकीत संपतं, साहेब. तुमचं ते कालचंच चालू आहे का अजून?’