एक मूल आणि अवघी शाळा

सेमिनरीत असताना संत जॉन बोस्को यांच्या ‘प्रतिबंधक पद्धती’वर आम्ही पुष्कळ व्याख्याने ऐकली. हे नाव औषधाच्या बाटलीवर अधिक शोभेल, असे आम्हांला आजही वाटते. असो. बोस्को यांनी ती पद्धती १८७७ साली लिहून काढली. तिच्यामागे तुरिनच्या तुरुंगात त्यांनी पाहिलेली कोवळी पोरे होती. अपराध घडण्याची वाट पाहत बसू नये, वडीलधाऱ्यांनी आधीच मुलांत मिसळून असावे, विवेक, धर्म आणि वात्सल्य यांच्या बळावर त्यांना सांभाळावे, हे तिचे सार. पुढे १८८४ मध्ये रोमहून धाडलेल्या पत्रात त्यांची व्यथा हीच होती की, गुरुजन आता मैदानावर मुलांत दिसत नाहीत. नुसते प्रेम असून भागत नाही. ते मुलांना कळावे लागते.

धर्मग्रामाच्या शाळेचा कारभार पाहताना हे पत्र आम्हांला वारंवार आठवते. सहावीतला एक मुलगा बाक उलथतो, इतरांचे डबे भिरकावतो आणि मग तासभर जिन्याखाली गुडघ्यांत डोके घालून बसतो. वडील हयात नाहीत. आई पहाटेच कामाला जाते. शिक्षकसभेत ‘दाखला हातात द्यावा’ अशी सूचना आली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये आठवी पुरी होईतो मुलाला शाळेतून काढता येत नाही. मारणे आणि मानसिक छळ यांनाही मनाई आहे. परंतु २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही असा निर्णय दिला, याकडे एका शिक्षकांनी लक्ष वेधले. त्या निर्णयाचा उपयोग एका पोरक्या पोराला फाटकाबाहेर काढण्यासाठी व्हावा, हे आम्हांला मानवले नाही.

खरी माहिती मिळाली ती शिपाईमामांकडून. पोराजवळ डबा नसतो त्या दिवशीच मधल्या सुट्टीनंतर आकांत होतो, हे त्यांनी केव्हाच हेरले होते. त्यांना कुणी विचारले नव्हते, एवढेच. एक बाई त्याला कुरवाळीत, दुसऱ्या वर्गाबाहेर उभे करीत, खेळाचे सर उन्हात पळवीत, कचेरीत तर त्याला टोपणनावानेच हाक मारीत. पुढचा मोठा माणूस आपल्याशी कसा वागेल याचा त्या मुलाला भरवसाच नव्हता. आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक बाईंनी एकट्याने काय करावे?

म्हणून आता सर्वांनी एकच रीत धरली आहे. चारचौघांत त्याला बोलायचे नाही. राग चढू लागला की त्याने न विचारता ग्रंथालयात जाऊन बसावे. वाटेत कुणी अडवायचे नाही. शांत झाल्यावर मात्र बाक त्यानेच सरळ करायचा, सांडलेले त्यानेच पुसायचे. डब्याची सोय झाली आहे; कुठून, ते त्याला माहीत नाही.

‘मग आमच्या मुलांनी मार खायचा का?’ असे काही पालक विचारतात. वाचकहो, तो प्रश्न गैर नाही; ज्याचा डबा भिरकावला जातो तेही कुणाचे लेकरूच आहे. दिवाळीनंतर बाक दोनदा उलथला, त्यापूर्वी आठवड्यातून दोनदा उलथे. येत्या शनिवारी पालकसभा आहे. शिपाईमामांनाही पुढच्या रांगेत बसायला सांगितले आहे.