शेततळ्याला गाळणी हवी, नुसता कोळसा नव्हे

शेततळ्यांत मासे वाढवणाऱ्यांमध्ये वावरताना एक समजूत मला पुन्हा पुन्हा आढळली आहे: पाणी बिघडलं की ते बदलायचं. दुष्काळी तालुक्यात हे परवडत नाही. तेच पाणी स्वस्तात शुद्ध करून फिरवता येतं, आणि तोच मार्ग धरावा असं माझं ठाम मत आहे. बिघाडाचं मूळ खाद्यात असतं. १०० किलो खाद्यात ३० टक्के प्रथिनं असतील, तर प्रथिनांतला नत्राचा वाटा १६ टक्के धरून तळ्यात ४.८ किलो नत्र पडतं. त्यातलं साधारण पाव ते तृतीयांशच माशाच्या अंगी लागतं. बाकीचं कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपात, विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात राहतं. मातीच्या तळ्यात तळचा चिखल बराच स्फुरद धरून ठेवतो. प्लास्टिकच्या अस्तरावर ती सोय नसते. मग शेवाळ माजतं, रात्री तेही ऑक्सिजन वापरतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात.

यावर बहुतेकांना कोळसा सुचतो. साधा कोळसा रंग आणि काही सेंद्रिय द्रव्यं शोषतो, पण नायट्रेट आणि फॉस्फेट त्याला फारसे चिकटत नाहीत. स्वस्त गाळणी फसते ती इथेच, एका वस्तूकडून सगळी कामं मागितली म्हणून. आधी पाणी संथ टाकीत थांबवून विष्ठेचा गाळ खाली बसू द्यावा, नाहीतर पुढचे सगळे थर तुंबतात. मग खडी, विटांचे तुकडे किंवा चांगला भिजवून रंग काढलेला नारळाचा काथ्या यांचा थर हवा. हे पदार्थ अमोनिया खात नाहीत, त्यांच्या पृष्ठभागावर वसणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या क्रियेत १ ग्रॅम अमोनिया-नत्रामागे सुमारे ४.६ ग्रॅम ऑक्सिजन आणि चुनखडीच्या (कॅल्शियम कार्बोनेटच्या) हिशेबानं सुमारे ७ ग्रॅम क्षारता खर्च होते. म्हणून पाणी वरून शिंपडत सोडावं आणि थरात शिंपले किंवा चुनखडीचे तुकडे मिसळावेत. स्फुरदासाठी जांभ्याची खडी चांगली, कारण तिच्यातली लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं फॉस्फेट धरतात. शेवटी कर्दळ किंवा वाळ्याचा वाफा उरलेल्या नायट्रेटचा काही भाग उचलतो.

पहिला आक्षेप असा की हे पदार्थ लवकर निकामी होतात. जांभ्याच्या बाबतीत तो खरा आहे, त्याची धारणशक्ती संपतेच. पण जिवाणूंचा थर संपत नाही, उलट काही आठवड्यांत तो पक्का बसतो. तो ब्लीचिंग पावडरनं धुऊ नये आणि सुकू देऊ नये, एवढंच पाळायचं. कुजलेला काथ्या आणि टाकीतला गाळ कंपोस्टमध्ये जातात, कापलेला वाळाही उपयोगी पडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे पाणी थेट पिकाला दिलं, तर गाळणी कशाला? पिकाला देणं उत्तमच, आणि जास्तीचं नायट्रेट तसंच काढावं. पण भर उन्हाळ्यात तळ्यातलं प्रत्येक इंच पाणी माशांना लागतं, आणि अमोनिया पीक ओलिताला येईपर्यंत थांबत नाही. तिसरा आक्षेप पंपाच्या विजेचा. हा खर्च नाकारता येत नाही; तो नव्या पाण्याच्या टँकरशी आणि मेलेल्या माशांशी ताडून पाहावा.

गाळणीनं जादा खाद्याचं पाप मात्र धुतलं जाणार नाही. मासे खातील तेवढंच खाद्य टाकणं हा पहिला उपाय, आणि अमोनिया तपासण्याचं साधं किट हा दुसरा. तळं खोदायला आणि अस्तर टाकायला आपण सरकारी मदत देतो. माझी मागणी आहे की मासे सोडल्या जाणाऱ्या तळ्यासाठी गाळटाकी, थरांची गाळणी आणि हे किट त्याच मदतीत धरावं. पाणी साठवण्यावर खर्च करायचा आणि ते वापरण्याजोगं ठेवण्यावर करायचा नाही, हा हिशेब अर्धाच आहे.