सिस्टरमावशींची वही

आमच्या मिरजेच्या गल्लीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टरमावशी. नर्सिंग शिकल्या मिरजेतच, नोकरी केली मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, आणि निवृत्त झाल्यावर परत आपल्या गल्लीत आल्या. मिश्री लावतात, संध्याकाळच्या मालिका चुकवत नाहीत, आणि समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याचं निदान करून मोकळ्या होतात. माझी मुलगी अंगावरच्या दुधावर वाढली ती त्यांच्यामुळे, असं मी लिहिलं तर आई रागावेल. डिंकाचे लाडू तिनं वळले होते, शेगडी तिनं पेटवली होती. पण हिशेब मांडायलाच बसले आहे तर खरा मांडलेला बरा.

मुलगी झाली जुलै 2019 मध्ये. सदतिसावा आठवडा, सिझेरियन, वजन 2 किलो 400 ग्रॅम. थोडी कावीळ, आणि झोप तर अशी की अंगावर घेतलं की डोळे मिटायची. त्यात माझी स्तनाग्रं सपाट. तिच्या तोंडात धरायला काही लागेचना. “बाळ ओढत नाही” हे एकच वाक्य त्या दिवसांत मी इतक्या तोंडांतून ऐकलं की ते माझंच दुसरं नाव असल्यासारखं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी वजन 2 किलो 190 भरलं. पहिल्या दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्के उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की दूध उतरलेलं नाही, वरचं सुरू करा. बाळाच्या पावडरीची जाहिरात आणि प्रचार करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्यानं बंदी आहे. जाहिरात कुणी केली नाही. डब्याचं नाव मात्र केसपेपरच्या मागच्या बाजूला लिहून मिळालं.

घरी आलो त्या दिवशी पुण्याच्या मैत्रिणीनं पाठवलेलं कुरिअर आलं. त्यात निपल शील्ड होती, पातळ पारदर्शक सिलिकॉनची, टोकाला चार बारीक भोकं. आई पहिल्यापासून तिला टोपी म्हणाली आणि घरात तेच नाव रुळलं. 16, 20, 24 मिलीमीटर अशी मापं असतात. मैत्रिणीनं अंदाजानं दोन पाठवली होती. त्यातली एक लावून अंगावर घेतलं आणि मुलीनं पहिल्यांदा ओढलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. न्हाऊ घालायला येणारी बाई म्हणाली, “आता लेकराला प्लास्टिक चोखवनार व्हय?” आणि आईचा चेहरा पुन्हा उतरला.

संध्याकाळी सिस्टरमावशी आल्या. हात धुतले, टोपी उजेडात धरून उलटसुलट बघितली. सिलिकॉनची त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती. त्यांच्या वेळेला प्लास्टिकची सिरिंज असायची: पुढचं टोक कापायचं, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूनं आत घालायचा, आणि गुळगुळीत बाजू छातीला लावून हलकेच ओढायचं, म्हणजे आत गेलेली बोंडशी बाहेर येते. दावणगेरेच्या डॉ. निर्मला केसरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती 1993 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात मांडली, हे मला फार नंतर कळलं. मावशींना कोण, कधी याच्याशी कर्तव्य नव्हतं. “आमच्याकडं दहा रुपयात व्हायचं,” एवढं म्हणाल्या. मग न्हाऊ घालणारीकडे वळून, “असू दे की गं. पोर पितीय ना?”

मी तिथंच सुटले असं मला वाटलं. मावशी मात्र हलल्या नाहीत. मुलगी पिऊन झोपल्यावर त्यांनी टोपी काढून तिच्या टोकात दूध आहे का बघितलं. माझी छाती हातानं चाचपली. “हिनं चोखलं. गिळलं किती, ते कुणी ऐकलं?” कुणीच ऐकलं नव्हतं. पुढच्या वेळी त्या मुलीच्या गालाशी कान लावून बसल्या, आणि मलाही ऐकायला लावलं. दोन-तीन ओढींनंतर घशातून येणारा बारीकसा “क्क” आवाज म्हणजे गिळणं. तो नसेल तर बाळ नुसतं चाळा करतंय.

टोपी लावायची कशी तेही त्यांनीच शोधून काढलं. मी ती वरून चिकटवत होते. त्यांनी कोमट पाण्यात बुडवली, कड अर्धी उलटी केली, बोंडशीवर टेकवून सोडली, आणि कड सरळ होताना बोंडशी आपोआप आत ओढली गेली. हातानं दोन थेंब काढून टोकात सोडले, म्हणजे मुलीला पहिल्याच ओढीला चव लागावी. ओठ टोकावर नकोत, खालच्या रुंद भागावर हवेत; तोंड मोठं उघडल्याशिवाय द्यायचंच नाही. मोठी होती ती टोपी बाद केली, 20 ची ठेवली.

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली जिच्यासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. टोपी मध्ये आली की बाळाच्या जिभेचा स्पर्श कमी होतो, दूधही बरेचदा पुरतं निघत नाही. आत राहिलेलं दूधच छातीला सांगतं की एवढं पुरे, आता कमी कर. पंधरा दिवस बाळ पितंय असं दिसतं, मग एक दिवस दूध आटलेलं असतं आणि सगळे म्हणतात, हिला दूध नव्हतंच. म्हणून पाजून झालं की उरलेलं काढायचं, दर वेळेला. काढलेलं वाटी-चमच्यानं बाळालाच द्यायचं. “हळीव खा, त्यात लोह असतं, तुझ्या अंगाला लागेल. शतावरी घे हवं तर. पण दूध वाढतं ते काढल्यावर. शिल्लक ठेवशील तर आटवशील.”

आईनं कपाटातून माझं बोंडलं काढलं, चांदीचं, चोचीचं. मावशींनी त्यावर नाक मुरडलं, कारण चोचीच्या आतून ते घासता येत नाही. स्टीलची वाटी आणि चमचा उकळून घेतला. हातानं काढायचं त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं. अंगठा एका बाजूला, दोन बोटं दुसऱ्या बाजूला, काळ्या भागाच्या कडेला. आधी छातीकडे मागे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, मग सोडायची. बोंडशी पिळायची नाही. पहिल्यांदा वाटीच्या तळाला चिकाचे पिवळे ठिपके पडले. मला रडू फुटलं, इतकं कमी म्हणून. मावशी म्हणाल्या, “सोन्याचा भाव ठाऊक आहे ना? मग रडतीस कशाला!”

दुसऱ्या दिवशी त्या एक जुनी एलआयसीची डायरी घेऊन आल्या. रकाने आखलेले होते: वेळ, डावं की उजवं, टोपी होती की नव्हती, काढलेलं दूध, ओले लंगोट, शी. सोमवारी वजन. वजनासाठी आशाताईंकडचा झोळीचा काटा. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी नंतर सहा आठवड्यांत आशाताई सहा वेळा घरी येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं वाचवली, तिथून ही पद्धत पुढे देशभर गेली. आमच्या आशाताई आल्या की मावशी त्यांना बरोबरीच्या मानानं चहा देत आणि दोघी मिळून वही तपासत. 24 तासांत 6 तरी लंगोट ओले, आणि दिवसाला 20 ते 30 ग्रॅम वाढ. हे दोन आकडे जमले की मावशी बाकी काही विचारत नसत. मी कशी दिसते, झोपले का, यातलं काहीच नाही. या बाबतीत त्या कोरड्याच. तो कोरडेपणा मला तेव्हा खुपायचा. आता वाटतं, मायेनं बोलणाऱ्या बायका घरात पुष्कळ होत्या, मोजणारी एकच होती.

रात्रीचं दूध त्यांनी चुकवू दिलं नाही. दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं, म्हणून एक मोठी झोप मिळावी या लोभानं रात्रीचं काढणं टाळलं तर दिवसाचं दूध बसतं, हा त्यांचा पाठ. दोनच्या सुमाराला समोरच्या गॅलरीतून मोबाइल वाजवायच्या. मी उचलला की काही न बोलता बंद. या बाईला रात्रपाळीची सवयच होती, असं आई म्हणे. निवृत्त होऊन वर्षं झाल्यावर कुणाला कसली सवय उरते!

हे सगळं त्या कुठं शिकल्या, ते एका दुपारी सांगितलं. सायनला डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आईच्या दुधाची पेढी सुरू केली, आशियातली पहिली. मावशी तेव्हा अकाली जन्मलेल्या बाळांच्या कक्षात होत्या. किलो-सव्वा किलोची बाळं, चोखायची ताकद नाही, आई बाहेर बाकावर बसलेली. तिचं बाळ तिच्या अंगावर येईपर्यंत तिचं दूध टिकवायचं कसं? हातानं काढून, दर दोन-तीन तासांनी, दिवसरात्र. ज्यांना जास्त यायचं त्यांचं पेढीत जायचं. ते 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून, थंड करून, ज्या बाळाच्या आईला येत नाही त्याला मिळायचं. धारावी, चुनाभट्टीच्या बायका. सिझेरियनची जखम घेऊन बाकावर बसून वाटी भरणाऱ्या. “त्यांनी मला शिकवलं, मी तुला शिकवतीय,” मावशी म्हणाल्या. माझ्या धनकोंच्या वहीत त्यामुळे अशा कितीतरी बायका आहेत ज्यांचं नाव मला कधीच कळणार नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. आमचा भाग उंचावर, म्हणून सांगलीचे आत्याचे लोक, त्यांचे शेजारी, सगळे आमच्याकडे. वीज नव्हती. नळाला पाणी नव्हतं. महामार्ग बंद पडला, दूध संकलन थांबलं, पिशवीचं दूध मिळेना. नवऱ्यानं पुण्याहून आणलेला इलेक्ट्रिक पंप कोनाड्यात गप्प. खोलीत इतकी माणसं की पदराआड टोपी लावायलाही आडोसा नाही. मावशींनी स्वतःची आतली खोली मला दिली, स्वतः बाहेर सतरंजीवर. टँकरच्या पाण्यातलं एक पातेलं “सिस्टरचं” म्हणून वेगळं ठेवलं जाई. त्यात टोपी, वाटी, चमचा उकळायचा. बाकी मी हातावर निभावलं. पावडरीवर असते तर त्या आठवड्यात ती कुठल्या पाण्यात कालवली असती, हा विचार मी अजूनही पुरता करत नाही.

पूर ओसरला आणि मला ताप भरला. डाव्या बाजूला दूध साकळून गाठ झाली होती. मावशींनी पाजणं बंद करू दिलं नाही, थंड पट्ट्या ठेवल्या आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे पाठवलं. औषधानं उतरला.

टोपी सुटायला वेळ लागला. मावशींनी घाई केली नाही. मुलगी अर्धं पिऊन पान्हा वाहायला लागला की टोपी हळूच काढून घ्यायची आणि लगेच परत अंगावर घ्यायचं. चिडली तर परत लावायची. उजवी बाजू लवकर जमली, डावी अडून बसली. टोपीची आणखी एक खोड म्हणजे ती पारदर्शक. रात्री गोधडीत हरवायची, नवरा मोबाइलच्या उजेडात शोधायचा, आणि ती बहुधा मुलीच्या पाठीला चिकटलेली सापडायची. शेवटी मुलीचं तोंड मोठं झालं, जोर आला, आणि एका सकाळी डाव्या बाजूलाही तिनं टोपीशिवाय धरलं. मावशींनी वहीत “टोपी” या रकान्यावर काट मारली. त्यांच्याकडून शाबासकी मिळाली ती तेवढीच.

पुण्याला निघताना त्यांना इरकल दिली. रंग आवडला नाही म्हणून दुकानातून बदलून आणायला लावली, आणि बदललेली नेसून स्टेशनवर आल्या.

शील्डबद्दल मला आजही पोरी विचारतात. वाईट आहे असं मी सांगत नाही. माझी मुलगी तिच्यावरच पहिल्यांदा प्यायली. पण ती औषधाच्या दुकानात आणि मोबाइलवर मिळते, सोबत वजन बघणारं आणि उरलेलं दूध काढायला लावणारं माणूस मिळत नाही. म्हणून सांगते, घरात डोहाळजेवण असेल तर फुलांची वाडी भरा, पाच पक्वान्नं करा, आणि त्याच दिवशी आपल्या भागातल्या आशाताईंना किंवा निवृत्त सिस्टरना जेवायला बोलावून त्यांचा नंबर मुलीच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा.