वीर खाली बसतात तेव्हा

खेळ शिळा होतो की खेळणारा, हा प्रश्न मला अलीकडे वरचेवर पडतो. पत्त्यांच्या किंवा कॅरमच्या बाबतीत तो कुणी विचारीत नाही. पण माझ्या वयाच्या कोथरूडकरांचा एक खेळ असा आहे, की तो धड जुना झाला नाही आणि नवाही राहिला नाही. संगणकासमोर बसायचे, कुणी योद्धा व्हायचे, कुणी धनुर्धारी, कुणी जखमा बऱ्या करणारा पुरोहित, आणि हजारो अनोळखी माणसांबरोबर एका काल्पनिक राज्यात हिंडायचे. इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी १९७८ साली या प्रकाराची मुहूर्तमेढ रोवली. त्या वेळी चित्रे नव्हती, नुसती वाक्ये होती!

आम्हां चौघांना तो भेटला 'रॅगनारॉक ऑनलाइन' या कोरियन खेळाच्या रूपाने. २००५ च्या सुमारास कर्वे पुतळ्याजवळच्या एका सायबर कॅफेत आम्ही तासावर पैसे मोजून बसत असू. वाचकांना वाटेल, नुसती मारामारी चालत असणार. छे! त्या राज्याच्या राजधानीत व्यापारी डोक्यावर पाटी लावून रस्त्यात दुकाने मांडीत, आणि मालक घरी झोपला तरी दुकान रात्रभर चालू. दुपारी एक ते चारसुद्धा उघडे, म्हणजे पाहा! काही वस्तू तर दहा हजार राक्षस मारावेत तेव्हा एखादी हाती लागे.

पण खरी मौज निराळीच होती. दमलेला वीर उभा राहिला तर शक्ती सावकाश भरून येई, खाली बसला तर लवकर. तेव्हा चार महापराक्रमी पुरुष गवतात फतकल मारून बसत. बसल्यावर बोलणे आलेच. शेजारच्याच खुर्चीवर असलेल्या मित्राने आपल्या वडिलांची नोकरी गेल्याची बातमी मला तोंडाने सांगितली नाही. टाइप करून सांगितली. मीही मान वळवून पाहिले नाही.

पुढे हे बसणेच कमी होत गेले. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या २००४ च्या गाजलेल्या अमेरिकन खेळात २००९ पासून यंत्रच साथीदार जुळवून देऊ लागले. गावात हाका मारीत फिरायला नको, कुणाची ओळख नको. मोबाइलवरच्या रॅगनारॉकमध्ये तर बटण दाबले की वीर आपला आपण लढतो; मालक भाजी निवडायला मोकळा! मग खेळतो कोण, असे आमच्या घरात विचारले गेले. मला उत्तर सुचले नाही.

लोकांनाही हे खटकत असावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वॉरक्राफ्टचा जुना अवतार 'क्लासिक' या नावाने परत आला, तेव्हा आत शिरायला तासन्‌तास रांगा लागल्या. आम्हीही शिरलो. एक टोरोंटोत, एक मेलबर्नला, एक वाकडला आणि मी कोथरूडला. (भेटायला सर्वांत दुर्मीळ वाकडचा!) रविवारी सकाळी सातला जमायचे, टोरोंटोत तेव्हा शनिवारची रात्र.

आणि मजा आली का? निम्मी. कोणती गुहा कुठे, कोणती तलवार चांगली, सारे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेले. अज्ञात म्हणून काही उरले नव्हते, आणि अनोळखी माणसे तर गाडी चुकत असल्यासारखी धावत होती. वीस वर्षांपूर्वीची ती धाकधूक मला काही पुन्हा भेटली नाही.

मात्र इथेही जादूगाराला पाणी प्यायला खाली बसावे लागते. २०२० च्या टाळेबंदीत एका रविवारी आम्ही गुहेच्या तोंडाशी होतो. पथक पाचांचे, म्हणून पाचवा एक परका गडी बरोबर. कानाला हेडफोन असताना टोरोंटोकराने टाइप केले : बाबा पडलेत, खुब्याचे हाड मोडले, दवाखान्यात आहेत, विमाने बंद. मयूर कॉलनीत त्याची आई एकटी होती. 'डबा माझ्याकडून जाईल,' एवढेच मी टाइप केले. तिघांनी आपापले वीर त्याच्याशेजारी आणून बसवले. पाणी कुणालाच नको होते.

पाचवा गडी दोनदा 'चला' म्हणाला आणि निघून गेला. त्याची जागा आम्ही त्या दिवशी भरली नाही.