ओट्यावर बसलेले वसुलीवाले
परवा सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री टाकून घरी आलो, रात्रीचे साडेआठ झालेले. ओट्यावर फायनान्सचे दोघं. ट्रॅक्टरचे दोन हप्ते थकलेत, ते खरंच. पण "चावी द्या, नाहीतर चावडीवर नाव घेऊ" म्हणाले. शेजारी जमले. घरची आत गेली ती जेवायलाही उठली नाही.

मी ओळखपत्र अन् कंपनीचं अधिकारपत्र मागितलं. नव्हतं. मग सांगितलं, रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे: वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर फोनसुद्धा करायचा नाही, चारचौघांत अपमान तर नाहीच. गेले.

सकाळी कंपनीकडे लेखी तक्रार देऊन पोच घेतली. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, चौकशीला १४४४८. हप्ते सोयाबीन विकून भरणारच आहे.