केडगावची मुक्ती

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी हडपसर, लोणी, उरुळी, यवत अशी एकेक स्टेशने मागे टाकीत केडगावला येते. सगळे मिळून अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटरांचे. कांद्याच्या बाजाराला निघालेले शेतकरी, बेटावरच्या दत्ताच्या दर्शनाला चाललेले भाविक आणि पुण्याला रोज नोकरीसाठी ये-जा करणारी मंडळी, यांची ही गाडी. केवळ पाहण्यासाठी म्हणून केडगावला उतरणारा माणूस विरळाच. आम्हां मध्यमवर्गीयांच्या सहलींची यादी ठरलेली असते: महाबळेश्वर, गणपतीपुळे आणि चार पैसे गाठीला असले तर केरळ. त्या यादीत केडगाव बसत नाही. तरीही दिवाळीच्या या दिवसांत वाचकांना तिथे घेऊन जावे, असे मला फार दिवसांपासून वाटत होते.

मी गेले ते सासूबाईंबरोबर. त्यांना नारायण महाराजांच्या बेटावर दत्तदर्शन करायचे होते आणि मला पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन पाहायचे होते. वर्गात रमाबाईंविषयी बोलत आले, पण त्यांच्या हातची ही वास्तू कधी पाहिली नव्हती. गाडीत मी हळूच विषय काढला.

"आई, दर्शन झालं की मुक्तीतही डोकावून येऊ या."

"मुक्तीत? अगं, तिथं बाटवायचे ना?" सासूबाईंनी पिशवी मांडीवर घेतली. "आमच्या लहानपणी मुलगी हट्टाला पेटली की म्हणायचे, केडगावला नेऊन सोडू."

शंभर वर्षांहून जुना समज एका वाक्यात समोर आला. समोरच्या बाकावरचे शेतकरी गृहस्थ मात्र हसून म्हणाले, "मावशी, आमच्या गावात मुक्तीला नावं ठेवणारं कोणी नाही बघा. आमच्याकडं आजारी माणूस आधी तिथंच न्यायचे." एवढे बोलून ते खिडकीबाहेरचा ऊस पाहू लागले.

ही मुक्ती समजून घ्यायची तर आधी एका सोळा वर्षांच्या मुलीची हकीकत ऐकली पाहिजे. रमाबाईंचा जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष पत्करला आणि रानात बिऱ्हाड केले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थातीर्थांतून पायी हिंडले. 1874 च्या दुष्काळात हाती होते ते संपले. आधी वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, मागोमाग थोरली बहीण. आईला खांदा द्यायला माणसे मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. उंचीने ती कमी पडली, तेव्हा तिरडीची तिची बाजू तिने डोक्यावर घेतली आणि स्मशान गाठले. ही हकीकत रमाबाईंनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. संस्कृत पांडित्याबद्दल कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 साली जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले, ती हीच मुलगी.

भाऊ गेला, लग्न झाले, मुलगी झाली आणि 1882 साली पतीही गेले. चोविसाव्या वर्षी ही विधवा पुण्यात आली. तिने आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्रीशिक्षक आणि स्त्रीडॉक्टर मागितले. पुढच्याच वर्षी ती इंग्लंडला गेली आणि तिथे वाँटेज येथे तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

का स्वीकारला, याचे उत्तर त्यांनी दिले आहे, आणि मला ते महत्त्वाचे वाटते. वाँटेजच्या जोगिणींनी लंडनजवळ फुलहॅम येथे चालवलेले एक घर त्यांनी पाहिले. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे प्रेमाने वागवले जात होते. असे का करता, म्हणून विचारल्यावर एका जोगिणीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची आणि येशूची गोष्ट सांगितली. शास्त्रांतून टाकाऊ ठरलेल्या बाईशी देव असा बोलतो, हे रमाबाईंना नवे होते. कुठल्याही तत्त्वचर्चेआधी त्यांना कृती दिसली, आणि कृतीमागचे कारण विचारता विचारता त्या श्रद्धेपाशी पोहोचल्या. त्यांचा धर्म त्यामुळे अखेरपर्यंत हातापायांचा राहिला. मिशनच्या वरिष्ठांनी सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानायची, हेही त्यांना जमले नाही. इंग्लंडातल्या आपल्या गुरुभगिनींशी त्यांनी पत्रांतून केलेले वाद वाचले, म्हणजे ही बाई कोणाच्याही सोवळ्यात मावणारी नव्हती हे कळते.

1889 साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. अमेरिकेतल्या स्नेह्यांनी दहा वर्षे खर्च देण्याचे कबूल केले होते. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, असे ठरले होते. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा खोलीचे दार लावीत नसत आणि काही मुली येऊन बसत. त्यावरून 1893 साली वादळ उठले. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या.

केडगाव उभे राहिले ते यानंतर. अमेरिकेची मदत संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, म्हणून रमाबाईंनी तिथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. इतक्यात 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात पोरीबाळी उपाशी हिंडत आहेत, त्यांना पळवणारेही टपले आहेत, हे ऐकल्यावर बावीस वर्षांपूर्वीची ती भूक रमाबाईंना स्वस्थ बसू देईना. त्या स्वतः गेल्या आणि मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, त्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवता येईना. तेव्हा बागेसाठी घेतलेल्या माळावर तंबू आणि झोपड्या उठल्या. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. दुष्काळाने ती मर्यादा पुसून टाकली. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि मुक्तीतल्या माणसांची संख्या दीड हजारांच्या वर गेली.

त्याच 1897 साली पुण्याच्या प्लेग इस्पितळातल्या बायकांच्या हालांविषयी त्यांनी वर्तमानपत्रात सरकारला खडसावणारे पत्र लिहिले. राज्यकर्त्यांचा आणि आपला धर्म एक, म्हणून गप्प बसायचे, हा हिशेब त्यांच्याकडे नव्हता.

बेटावरचे दर्शन आटोपून आम्ही मुक्तीच्या फाटकाशी आलो. आतल्या एका बाईंनी आमची विचारपूस केली, पाणी दिले आणि बरोबर चालू लागल्या. मोठे उपासनामंदिर, झाडांची सावली, शाळेतून येणारा पाढ्यांचा आवाज. निराधार मुली आणि बायका आजही इथे आश्रयाला आहेत. मराठीची शिक्षिका म्हणून मी मात्र नावांपाशी थबकले. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन', वृद्धांसाठी 'प्रीती सदन', मुलग्यांसाठी 'सदानंद सदन', अंधांसाठी 'बर्तमी सदन'. बर्तमी हा बायबलातला आंधळा. रमाबाईंची कन्या मनोरमा अमेरिकेतून ब्रेल शिकून आली आणि तिने इथल्या अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. आणि 'शारदा' हे नावही रमाबाईंनी टाकले नाही. धर्म बदलला तरी त्यांचे पांढरे लुगडे आणि शाकाहार सुटला नाही.

इथे दया म्हणजे नुसते ताट वाढणे नव्हते. शेती, विणकाम, तेलघाणी, धुलाई, शिक्षिकेचे आणि परिचारिकेचे काम, सारे मुली शिकल्या. छापखानाही त्यांनीच चालवला. आयुष्याच्या शेवटच्या पंधराहून अधिक वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. आधीचे भाषांतर त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल असे त्यांना हवे होते. संस्कृत पंडितेने साध्या मराठीसाठी एवढे कष्ट घ्यावेत, हे आमच्यासारख्या भाषा शिकवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनीच जुळवले. मनोरमा 1921 साली गेली, रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी. संपूर्ण ग्रंथ 1924 साली बाहेर पडला.

समाधीपाशी सासूबाई बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या आजीची एक नणंद होती. नवव्या वर्षी कपाळ पांढरं झालेलं. माजघराच्या कोपऱ्यात सत्तर वर्षं काढली तिनं. आम्ही तिला सोवळी आत्या म्हणायचो." थोडे थांबून त्या बरोबरच्या बाईंना म्हणाल्या, "तिचं खरं नाव काय होतं, ते घरात कुणालाच ठाऊक नाही हो."

त्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त सासूबाईंचा हात धरला.

म्हणून सासूबाईंचा गाडीतला प्रश्न खोटा ठरत नाही. मुक्तीत ख्रिस्ती धर्माची शिकवण उघडपणे दिली जाई आणि अनेकींनी तो धर्म घेतला. भुकेल्या मुलीची निवड कितपत मोकळी असते, ही शंका रास्तच आहे. पण त्या शंकेला दोन प्रकारांनी उत्तर देता येत होते. एक, मुलगी काढून पुन्हा माजघरात नेऊन बसवायची. दुसरे उत्तर धोंडो केशव कर्व्यांनी दिले. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, तिच्याशी त्यांनी 1893 साली, म्हणजे वादळाच्या त्याच वर्षी, विवाह केला; आणि 1896 साली विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. पुढे ती हिंगण्याला गेली आणि तिची परंपरा सर्वांना माहीत आहे. रमाबाईंच्या दाराला कुलूप घालण्याच्या खटपटीपेक्षा शेजारी आणखी एक दार उघडणे अवघड होते. पण बायकांच्या उपयोगी पडले ते हेच.

केडगावला जायला एक दिवस पुरतो. सकाळी निघावे, आत जाण्यापूर्वी परवानगी विचारावी. ती माणसांची राहती जागा आहे, प्रदर्शन नव्हे. हिवाळ्यात गेलात तर आसपासच्या गुऱ्हाळांवर काकवी मिळेल. आणि शक्य झाले तर घरातले एखादे वडीलधारे माणूस बरोबर न्यावे. परतीच्या गाडीत त्यांना जुन्या गोष्टी आठवू लागतील. कदाचित एखाद्या विसरलेल्या बाईचे नावही आठवेल. तेवढे मात्र लिहून ठेवावे.