अकोल्याहून आलेली चाल

अकोल्याच्या मित्राचं कार्ड आलं की मी आधी त्यावरची खाडाखोड शोधतो. परवाच्या कार्डावर ५४५५ लिहून आडवी रेघ मारलेली आणि शेजारी ठसठशीत ५१७१. टपाली बुद्धिबळात घरं अशीच आकड्यांनी सांगतात: पहिला आकडा उभ्या ओळीचा, दुसरा आडवीचा. म्हणजे राजासमोरचं प्यादं माझ्या घोड्यावर रेटायचं त्याच्या मनात आलं होतं. मग सावरून त्यानं किल्लेकोट केला. त्याचा हा मोह आणि हा आवर मला अमरावतीत बसून दिसतो.

बडनेरा, मूर्तिजापूर, काटेपूर्णा करत गाडी अकोल्याला पोचते. अंतर शंभर किलोमीटरही नाही. कार्ड मात्र आपल्या चालीनं जातं, आणि पेटीत पडलं की चाल परत घेता येत नाही. मध्ये चार-दोन दिवस जातात. तेवढ्यात भाजी निवडताना, बँकेच्या रांगेत, त्याचा उंट माझ्या डोक्यात तिरपा सरकत राहतो.

लंडन आणि एडिंबरा ही दोन शहरं १८२४ पासून चार वर्षं अशीच पत्रांतून भांडली. आम्ही खेळतोय त्या सुरुवातीला त्या सामन्यावरूनच ‘स्कॉच’ म्हणतात. आज टपाली बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धांत संगणकाची मदत चालते. आमच्यात चालत नाही. पुस्तकंही आम्ही मिटून ठेवली आहेत. खिशातला फोन जगज्जेत्यालाही हरवील, पण त्याला विचारलेली चाल माझी कशी म्हणू? मित्रानं फोन पाहिला की नाही, हे मला कधीच कळणार नाही. मी ते तपासत नाही. माझा त्याच्यावर विश्वास आहे, आणि या खेळातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

कार्डाच्या कोपऱ्यात त्यानं लिहिलंय, ‘तुह्या घोड्याले लय घाई हाय, भाऊ.’

आहेच. त्याचं ५४ वरचं प्यादं उघडं पडलंय. मारलं, तर तो हत्ती माझ्या राजाच्या ओळीत आणणार आणि घोडा अडकणार. दोन रात्री मी पटावर हेच मांडत होतो. वजिरासमोरचं प्यादं पुढे टाकलं तर घोड्याला आधार मिळतो. पुढचं काही धड दिसत नाही. तरी आज लिहिलं: ६६५४. आणि खाली: ६१५१ असेल, तर ४७४५.